प्रत्येक पानावर तेच

वर्ड प्रोसेसरच्या फाइलमध्ये पान नावाची वस्तू नसते. पडद्यावर पांढरे कागद एकाखाली एक मांडलेले दिसतात, त्यांना कडा असतात, बारीकशी सावलीही असते. पण फाइलच्या पोटात शिरून पाहिलं तर पानांचा पत्ता नाही. डॉक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप. नावाचं शेपूट बदललं की ती उघडते आणि आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल सापडते. तिच्यात परिच्छेदामागून परिच्छेद ओळीने उभे असतात. कोणतं पान कुठे संपलं याबद्दल फार तर एखादी पुसट नोंद असते: गेल्या खेपेला मांडणी केली तेव्हा इथे पान तुटलं होतं, इतकीच. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, किंवा कुणी समास अर्ध्या सेंटिमीटरने वाढवला, की सगळी पानं नव्याने पाडली जातात.

आणि अशा फाइलबद्दल कुणीतरी सांगतं, "प्रत्येक पानाच्या तळाला ही ओळ आली पाहिजे."

इतरांनी लिहिलेले अहवाल, करारनामे, नियमावल्या छपाईयोग्य करणं हे माझं काम. त्यामुळे ही मागणी लोकांनी किती तऱ्हांनी पुरी केलेली असते ते रोज दिसतं. सर्वांत लोकप्रिय तऱ्हा म्हणजे एंटर दाबत दाबत पानाच्या तळापर्यंत जायचं, तिथे ओळ टाइप करायची, मग पुढच्या पानावर जाऊन तीच चिकटवायची. शंभर पानांच्या अहवालात चिकाटीने हे केलेलं असतं. छापल्यावर दिसतंही नीटच. मग तिसऱ्या पानावर कुणीतरी एक वाक्य वाढवतं आणि चौथ्यापासून पुढे 'गोपनीय – वितरणासाठी नाही' ही ओळ प्रत्येक पानाच्या मध्यावर, परिच्छेदाचे दोन तुकडे करून, येऊन बसते. असा दस्तऐवज आला की मी आधी त्या ओळी शोधून पुसते आणि मगच मजकूर वाचते.

चिकटवणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. त्याने पडद्यावर जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला. पान दिसतंय म्हणजे पान आहे, असं त्याला वाटलं, आणि सॉफ्टवेअरने त्याचा तो समज मोडण्यासाठी काहीच केलं नाही.

छापखान्यात ही गोष्ट उलट होती. तिथे पान खरंच होतं, वजनाचं होतं. हाताने खिळे जुळवण्याच्या काळात पानाच्या डोक्यावरची ओळ, म्हणजे ग्रंथाचं किंवा प्रकरणाचं नाव, प्रत्येक पानासाठी नव्याने जुळवत नसत. एक फर्मा, म्हणजे एका वेळी छापायचा पानांचा संच, छापून झाला की मजकुराचे खिळे सुटे करून खणांत परत टाकायचे. डोक्यावरची ओळ आणि पानाभोवतालच्या पट्ट्या मात्र तशाच ठेवून पुढच्या फर्म्याला लावायच्या. फक्त पृष्ठांक बदलायचा. म्हणजे पहिल्या पानावर छापली गेलेली ओळ आणि नंतरच्या एखाद्या पानावरची ओळ ही अनेकदा शब्दशः एकच वस्तू असायची, तेच शिशाचे तुकडे. त्यातलं एखादं अक्षर दबलेलं किंवा टवका उडालेलं असलं की तो दोष फर्म्यामागून फर्म्यात उमटत जातो, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांचे अभ्यासक त्या दोषाचा माग काढून कोणते फर्मे कोणत्या क्रमाने छापले गेले हे ठरवतात. मला हा तपशील फार आवडतो. पुनरावृत्तीचा सर्वांत प्रामाणिक प्रकार तो: नक्कल नाहीच, मूळच पुन्हा पुन्हा हजर.

त्याहीआधी हस्तलिखितांत लेखनिक पानाच्या समासात ग्रंथाच्या नावाचं संक्षिप्त रूप आणि पत्रांक लिहून ठेवत. सुटी पानं वाऱ्याने उडाली तर पुन्हा लावता यावीत, हा त्यातला व्यवहार. युरोपातल्या पुस्तकांत पानाच्या तळाला पुढच्या पानाचा पहिला शब्द एकटाच छापलेला असे, त्याचाही हेतू तोच. जुळणी करणाऱ्याला आणि बांधणाऱ्याला क्रम कळावा. पानावर पुन्हा पुन्हा येणारा मजकूर वाचण्यासाठी नसतो, हाताळण्यासाठी असतो. पानाच्या डोक्यावर येणारा हेडर कुणी वाचतं का? पण कागदांचा गठ्ठा जमिनीवर पडला की मग सगळे हेडरच वाचतात.

संगणकावर ही कल्पना फार लवकर आली. १९६४ साली एमआयटीमध्ये जेरोम सॉल्ट्झर यांनी 'रनऑफ' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मजकूर लिहिताना मध्येच टिंबाने सुरू होणारी ओळ आली तर ती छापायची नाही, आज्ञा म्हणून पाळायची, असा त्याचा नियम होता. त्या आज्ञांत हेडरची आज्ञा होती. एकदा सांगायचं, पुढे प्रत्येक पानाच्या डोक्यावर ती ओळ येणार. १९७८ च्या 'वर्डस्टार' या वर्ड प्रोसेसरमध्येही हीच टिंबाची रीत होती: टिंब, एच, ई आणि पुढे मजकूर, तळासाठी टिंब, एफ, ओ. पृष्ठांक हवा तिथे '#' चिन्ह. पडद्यावर ती आज्ञा उघडी दिसायची, कुरूप दिसायची, पण ती कुठून सुरू होते याबद्दल कुणाच्या मनात शंका राहत नसे. छापल्यासारखं पडद्यावर दाखवण्याची सोय आली तेव्हा ती कुरूप ओळ दिसेनाशी झाली आणि आज्ञा कुठे दडली आहे हे शोधणं आपल्या नशिबी आलं.

वर्डमध्ये ती सेक्शनच्या शेवटी दडलेली असते. हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण हेडर आणि फूटर (पानाच्या तळाची ओळ) यांच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

दस्तऐवज एक किंवा अनेक सेक्शनांत विभागलेला असतो. प्रत्येक सेक्शनची माहिती, म्हणजे कागदाचा आकार, समास, आडवं की उभं, आणि हेडर-फूटर कोणते, ही त्या सेक्शनच्या शेवटी, सेक्शन ब्रेकमध्ये साठवलेली असते. शेवटच्या सेक्शनची माहिती दस्तऐवजाच्या अगदी अखेरीस. सुरुवातीला नाही, शेवटी. यातून जो घोळ होतो तो पाहण्यासारखा असतो. 'दोन सेक्शनांमधला ब्रेक नको' म्हणून कुणी तो पुसतं. मनात असं असतं की पुढचा भाग आता आधीच्या भागासारखा दिसेल. होतं बरोबर उलट. ब्रेकसोबत आधीच्या सेक्शनची माहितीच पुसली जाते आणि आधीचा मजकूर पुढच्या सेक्शनच्या ताब्यात जातो. उभी पानं आडवी होतात, प्रस्तावनेच्या डोक्यावर परिशिष्टाचं नाव झळकतं. अशा वेळी कंट्रोल-झेड हाच एक उपाय मला ठाऊक आहे.

दुसरी गंमत 'लिंक टू प्रीव्हियस' नावाच्या बटणाची. नावावरून वाटतं की दोन हेडर आहेत आणि त्यांच्यात दुवा जोडलेला आहे. एक्सएमएलमध्ये पाहिलं तर दुवा वगैरे काही नसतं. सेक्शनने आपलं हेडर सांगितलंच नाही, तर ते आधीच्या सेक्शनकडून वारशाने मिळतं. बस. 'लिंक' म्हणजे नोंदीचा अभाव. बटण बंद केलं की वर्ड आधीच्या हेडरची एक प्रत करून या सेक्शनच्या नावावर लावतं. पडद्यावर त्या क्षणी काहीच बदलत नाही, फक्त कोपऱ्यातली 'सेम अ‍ॅज प्रीव्हियस' ही पाटी जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी बटण बंद, मग मजकुरात बदल. उलट क्रमाने केलं तर दुसऱ्या प्रकरणाचं नाव लिहिता लिहिता पहिल्या प्रकरणाचंही बदलून जातं, आणि ते कळतं छापून आल्यावर.

हे प्रकरण इथेच संपत नाही. एका सेक्शनला तीन हेडर असू शकतात: पहिल्या पानाचं, सम पानांचं आणि उरलेल्यांचं. तितकेच फूटर. प्रत्येकाचा वारसा स्वतंत्र. पहिलं पान वेगळं ठेवायचं की नाही हे प्रत्येक सेक्शनला वेगवेगळं ठरवता येतं; सम-विषम वेगळे ठेवायचे की नाही हे मात्र अख्ख्या दस्तऐवजासाठी एकदाच ठरतं. ही विभागणी कुणी कोणत्या हिशेबाने केली ते देव जाणे, पण ती आहे. एखाद्या करारात सातव्या सेक्शनच्या फक्त पहिल्या पानावर जुना मसुदा-क्रमांक दिसत असेल, तर सात गुणिले सहा अशा खिडक्यांपैकी नेमकी कोणती उघडी राहिली आहे हे शोधायचं असतं.

वॉटरमार्कचंही तेच. पानभर तिरका पसरलेला 'मसुदा' हा शब्द पानामागे छापलेला वाटतो, पण वर्डमध्ये तो हेडरला अडकवलेला एक आकार असतो, जो हेडरच्या चौकटीबाहेर पसरतो. म्हणून ज्या सेक्शनचं हेडर वेगळं झालेलं आहे तिथे वॉटरमार्क कधीकधी गायब असतो. हेच उलटं वापरताही येतं. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला उभी पट्टी हवी असेल, पानाच्या मध्यावर काही हवं असेल, तर हेडरमध्ये शिरून तिथे टेक्स्टबॉक्स टाकायचा आणि तो ओढून पानावर हवा तिथे न्यायचा. हेडर हे नाव जागेचं वाटतं, पण प्रत्यक्षात तो पानाचा स्तर आहे. त्यातली वस्तू पानावर कुठेही राहू शकते. ही एक गोष्ट कळली की निम्मे प्रश्न सुटतात.

लिब्रे-ऑफिस रायटर या दुसऱ्या वर्ड प्रोसेसरने वेगळा मार्ग धरला. तिथे हेडर पानाच्या शैलीचं, म्हणजे नाव देऊन ठेवलेल्या मांडणीचं (स्टाइल), असतं. परिच्छेदाला जशी शैली असते तशी पानालाही असते, आणि 'या शैलीच्या पानानंतर कोणत्या शैलीचं पान येईल' हेही शैलीतच लिहिलेलं असतं. मुखपृष्ठाची शैली, तिच्यानंतर आपोआप साधी शैली, मध्येच आडव्या तक्त्याची शैली. रायटरच्या ओडीटी फाइलमध्ये पाहिलं तर हेडरचा मजकूर शैलींच्या फाइलीत राहतो, मजकुराच्या फाइलीत नाही. माझ्या मते ही मांडणी जास्त स्वच्छ आहे. पानावरची पुनरावृत्ती ही पानाच्या स्वभावाची गोष्ट आहे आणि ती तिथेच ठेवली आहे. पण वर्डची सवय असलेल्या माणसाला रायटरमध्ये सेक्शन ब्रेक सापडत नाही आणि तो चिडतो. आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात फाइल गेली की शैलीचे सेक्शन होतात, सेक्शनच्या शैली होतात, त्यांना 'कन्व्हर्टेड' अशी नावं पडतात, आणि मूळ शहाणपण त्या भाषांतरात वाहून जातं.

आतापर्यंत बोलले ते जसंच्या तसं पुन्हा येणाऱ्या मजकुराबद्दल. त्याहून हुशार प्रकार आहे पानाकडे पाहून बदलणाऱ्या मजकुराचा. पृष्ठांक हा त्याचा साधा नमुना. पण वर्डमध्ये 'स्टाइलरेफ' नावाचं एक फील्ड, म्हणजे मजकूर आपोआप भरणारी जागा, आहे, आणि ते ज्यांना माहीत नसतं ते प्रत्येक प्रकरणासाठी वेगळा सेक्शन करून वर वर्णन केलेल्या चक्रव्यूहात शिरतात. हे फील्ड हेडरमध्ये टाकायचं आणि त्याला शैलीचं नाव द्यायचं, समजा 'हेडिंग १'. मग ते प्रत्येक पानावर वरून खाली पाहतं, त्या शैलीचा पहिला परिच्छेद सापडला की त्याचा मजकूर उचलतं. सापडला नाही तर मागच्या पानांवर जाऊन शोधतं. सेक्शन एकच, हेडर एकच, आणि प्रत्येक पानावर बरोबर त्याच प्रकरणाचं नाव. त्याला 'एल' हा स्विच जोडला तर शोध पानाच्या तळापासून सुरू होतो. एका कोपऱ्यात साधं, दुसऱ्यात स्विच लावलेलं, असं दोनदा टाकलं की शब्दकोशाचं पान तयार: डोक्यावर पहिली नोंद आणि शेवटची नोंद. डोनाल्ड कनुथ यांच्या टेक या मजकूर मांडणाऱ्या प्रणालीत हीच गोष्ट 'मार्क' नावाने पहिल्यापासून आहे, आणि तिथे पानावरचा पहिला मार्क, शेवटचा मार्क आणि पान सुरू होताना लागू असलेला मार्क असे तीन वेगवेगळे मागता येतात. रायटरमध्ये प्रकरणाचं नाव देणारं फील्ड आहे, ते रोजच्या गरजेला पुरतं.

याची एकच अट असते: शीर्षकं शैलीने केलेली हवीत. ठळक आणि मोठं करून शीर्षकासारखी दिसणारी ओळ या फील्डला दिसत नाही. त्याला रूप कळत नाही, नाव कळतं.

तसंच 'पुढे चालू'. शेवटचं पान सोडून प्रत्येक पानाच्या तळाला हे दोन शब्द हवे असतील तर फूटरमध्ये 'इफ' फील्ड टाकायचं, त्यात 'पेज' फील्ड 'नम-पेजेस' फील्डपेक्षा लहान असेल तर हे शब्द, नाहीतर काही नाही. फील्डभोवतीचे महिरपी कंस कीबोर्डवरून टाइप करून चालत नाहीत, कंट्रोल-एफ ९ दाबून आणावे लागतात. दिसायला दोन्ही सारखेच. फील्ड चालत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाचे कंस मी आधी तपासते.

मग येतो तो मजकूर, जो पानामुळे नाही तर अर्थामुळे पुन्हा येतो. करारातल्या पुरवठादाराचं नाव, प्रकल्पाचं शीर्षक, आवृत्तीचा क्रमांक. मुखपृष्ठावर, हेडरमध्ये, पाचव्या कलमात, परिशिष्टात. बदललं तर सगळीकडे बदलायला हवं. शोधा-आणि-बदला करणारे करतात, आणि हेडर किंवा टेक्स्टबॉक्समधलं एखादं ठिकाण राहतंच. वर्डमध्ये याचे दोन रस्ते आहेत. एक जुना: मजकुराला बुकमार्क करायचं, म्हणजे नाव देऊन खूण करायची, आणि इतर ठिकाणी 'रेफ' फील्डने त्याचा उल्लेख करायचा. याची दुखणी दोन. बुकमार्क केलेला मजकूर पूर्ण पुसून नवा लिहिला तर बुकमार्कही जातो, आणि मग छापील अहवालात 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं ठळक अक्षरांत उमटतं; हे वाक्य तुम्ही कुठल्या ना कुठल्या गंभीर अहवालात वाचलं असेलच. दुसरं दुखणं म्हणजे ही फील्ड स्वतःहून बदलत नाहीत. सगळं निवडून एफ ९ दाबावं लागतं, आणि 'सगळं' म्हणजे फक्त मुख्य मजकूर. हेडर, फूटर, तळटीपा, टेक्स्टबॉक्स हे वर्डच्या लेखी वेगळे मजकूर आहेत. कंट्रोल-ए तिथे पोचत नाही. मॅक्रो लिहिणारे म्हणूनच 'स्टोरी रेंजेस' नावाच्या संचातून एकेक मजकूर घेत, त्याला जोडलेल्या पुढच्याकडे जात, सगळीकडची फील्ड ताजी करतात.

दुसरा रस्ता मला जास्त पसंत आहे: डॉक्युमेंट प्रॉपर्टीचे कंटेंट कंट्रोल. 'क्विक पार्ट्स'मधून शीर्षक, विषय, संस्था अशा गुणांपैकी एक निवडून ती चौकट हव्या त्या ठिकाणी टाकायची. कुठल्याही एका चौकटीत बदल केला की सगळ्या बदलतात, लगेच, एफ ९ न दाबता. कारण त्या सगळ्या खिडक्या एकाच नोंदीकडे उघडतात. मूळ कोणतं आणि नक्कल कोणती हा भेदच उरत नाही. छापखान्यातल्या त्या शिशाच्या ओळीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट मला हीच वाटते. रायटरमध्ये 'युजर फील्ड' साधारण हेच काम करतं. कंट्रोल-एफ २ ने उघडणाऱ्या खिडकीत व्हेरिएबल्सच्या टॅबवर ते मिळतं.

पण मराठीत लिहिताना इथे एक अडचण येते, जी या सोयी करणाऱ्यांच्या डोक्यात आली नसावी. खिडकीतून दिसतं ते एकच रूप. 'पुरवठादार' ही नोंद ठेवली तर 'पुरवठादार' एवढंच मिळतं. वाक्याला मात्र 'पुरवठादाराने', 'पुरवठादाराच्या' हवं असतं. फील्डच्या पुढे 'ने' लावला तर 'पुरवठादारने' होतं आणि करार वाचणारा अडखळतो. 'संस्था' तर त्याहून पुढे: 'संस्थेने', 'संस्थेच्या'. मूळ शब्दच बदलतो. एकाच पत्रात यादीतली नावं भरणाऱ्या मेल मर्जमध्ये हाच त्रास दुप्पट होतो, कारण तिथे नावाबरोबर क्रियापदही लिंग विचारतं: उपस्थित राहिले होते की राहिल्या होत्या?

मी यावर दोन युक्त्या वापरते. पहिली म्हणजे विभक्ती फील्डवर येऊच द्यायची नाही. नावापुढे 'यांना', 'यांचे', 'यांच्याकडून' असा शब्द ठेवला की सगळा भार तो उचलतो आणि नाव जसंच्या तसं राहतं. प्रकल्पाचं शीर्षक अवतरणात ठेवून पुढे 'या प्रकल्पाच्या' लिहायचं. पत्रात तृतीय पुरुष टाळून 'आपण अर्ज केलात', 'आपण उपस्थित राहिलात' अशी वाक्यं करायची. तिथे क्रियापद पुरुषालाही चालतं, स्त्रीलाही. कार्यालयीन मराठी उगाच लांबलचक वाटते खरी, पण रिकाम्या जागा भरायच्या असतात तेव्हा तिचा तो लांबलचकपणा किती कामाचा आहे ते कळतं. छापील अर्जावरच्या टिंबटिंबांसाठीच ती घडली आहे.

दुसरी युक्ती लांब करारांसाठी: एकाच गोष्टीच्या दोन नोंदी ठेवायच्या. एक 'पुरवठादार', दुसरी सामान्यरूपाची, 'पुरवठादारा'. मग दुसरीच्या पुढे 'ने', 'ला', 'च्या', 'कडून' हवं ते टाइप करायचं. दोन्ही नोंदी बदलायला विसरायचं नाही, एवढंच. आता हे एकच मूळ असण्याच्या तत्त्वाला धरून नाही, पण भाषेने ज्याची दोन रूपं केली आहेत त्याला एक नोंद पुरणार कशी?

तारखेबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण तिथे आपोआप होणं हेच घातक ठरतं. पत्राच्या कोपऱ्यात 'डेट' फील्ड टाकलं की पत्र लिहायला बसलं की आजची तारीख येते, छान वाटतं. ते पत्र सहा महिन्यांनी उघडलं तरी आजचीच तारीख येते. पाठवलेल्या पत्राची जपून ठेवलेली प्रत रोज नवी होत राहते, आणि अमुक नोटीस केव्हा दिली यावर वाद झाला तर ती प्रत काहीच सांगू शकत नाही. त्यासाठी 'क्रिएट-डेट' आहे, ते फाइल जन्मल्याची तारीख धरून ठेवतं; साच्यावरून नवं पत्र काढलं तर त्या पत्राची स्वतःची. पण 'सेव्ह अ‍ॅज' केलं की नव्या फाइलचा जन्म नवा, हे ध्यानात ठेवायचं. रायटरमध्ये तारीख टाकतानाच 'फिक्स्ड' की साधी असं विचारतात, ते बरं आहे. सही होऊन गेलेल्या दस्तऐवजात तर मी सगळीच फील्ड कंट्रोल-शिफ्ट-एफ ९ ने सोडवून साधा मजकूर करून टाकते. मसुदा असेपर्यंत मजकूर जिवंत हवा. सही झाल्यावर तो हलता कामा नये.

हेच जोडलेल्या फाइलींना लागू. प्रत्येक करारात येणारी सर्वसाधारण कलमं एका वेगळ्या फाइलीत ठेवून 'इन्क्लूड-टेक्स्ट'ने, किंवा रायटरमध्ये जोडलेल्या सेक्शनने, आत ओढता येतात. मूळ फाइलीत कलम सुधारलं की सगळे करार सुधारतात. आणि नेमकी हीच भीती आहे: गेल्या वर्षी सही झालेला करारही सुधारतो. शिवाय फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की दुवा तुटतो. मी ही सोय चालू मसुद्यांपुरती वापरते. कलमं थोडी असतील तर ऑटोटेक्स्ट बरं: दोन-तीन अक्षरं टाइप करायची, एफ ३ दाबायचं, परिच्छेद हजर. तो आल्यावर मुळाशी त्याचं नातं संपतं. ही नक्कलच आहे, पण नक्कल आहे हे उघड आहे.

तक्त्यांचं एका वाक्यात: पहिल्या ओळीला 'रिपीट अ‍ॅज हेडर रो' लावली की तक्ता जितक्या पानांवर पसरेल तितक्या पानांवर ती येते, पण मध्ये हाताने पेज ब्रेक टाकला तर येत नाही, आणि तक्त्याभोवती मजकूर वळवलेला असला तरी रुसते.

एक गोष्ट मात्र मी कामाच्या ओघात ठाम धरली आहे. ज्या मजकुरावाचून वाचकाचं अडेल तो फक्त हेडर-फूटरमध्ये ठेवायचा नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणारा माणूस दस्तऐवज सलग ऐकतो तेव्हा हेडर सहसा वाचला जात नाही. पीडीएफ नीट बनवली असेल तर तिथे हेडर-फूटर पानाची सजावट म्हणून वेगळे काढलेले असतात, आणि ते योग्यच आहे, नाहीतर दर पानाला संस्थेचं नाव ऐकून त्याला वेड लागेल. तोच मजकूर ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकात, किंवा वेबवर गेला तर पानच उरत नाही, पानाबरोबर हेडरही जातो. तेव्हा 'हे दर फक्त मार्चअखेरपर्यंत लागू' असलं वाक्य फूटरमध्ये बारीक अक्षरांत टाकून जबाबदारीतून सुटल्यासारखं वाटत असेल, तर ते कुणाला कळू नये अशीच ती सोय आहे. असं वाक्य दिसलं की मी ते उचलून मजकुरात आणते. लिहिणारे कधीकधी ते परत फूटरमध्ये नेतात.

दस्तऐवज परत देताना शेवटची काळजी असते ती पुढच्या हाताची. फील्ड आणि साधा मजकूर पडद्यावर सारखेच दिसतात. घेणारा माणूस 'रेफ' फील्डमधल्या नावात एक अक्षर दुरुस्त करतो, पुढच्या एफ ९ ला ती दुरुस्ती नाहीशी होते, आणि त्याला वाटतं फाइल बिघडली. किंवा तो अख्खं फील्ड पुसून नाव हाताने टाइप करतो. आता ते ठिकाण कायमचं सुटं झालं, आणि पुढच्या बदलाच्या वेळी तिथे जुनं नाव राहणार. म्हणून मी सोबत दोन ओळींची चिठ्ठी देते: वर्डच्या ऑप्शन्समध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली फील्ड शेडिंग 'ऑल्वेज' करा, रायटरमध्ये कंट्रोल-एफ ८ दाबा. मग पडद्यावर जे करडं दिसेल ते कुठून तरी आलेलं आहे, त्यावर टाइप करू नका, ते जिथून आलं तिथे जाऊन बदला. छापताना तो करडा रंग उमटत नाही, हेही लिहून द्यावं लागतं; नाहीतर लोक तो काढून टाकण्यासाठी फील्डच पुसतात.